वायर सुटल्यानंतर: दौंड–मनमाडच्या एकेरी रुळापासून संगणकाच्या ड्रायव्हरपर्यंत

१. आजच्या थ्रेडमध्ये किल्ला नाही, लढाई नाही, वंशावळही नाही. विषय आहे तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक लहानसा प्रश्न. चालू संगणकातून एखादे उपकरण अचानक काढले गेले, तर त्या उपकरणाचा कारभार पाहणाऱ्या प्रणालीने काय करावे? प्रश्न साधा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तराचा शोध पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि तो अजून संपलेला नाही.

२. या विषयाकडे मी वळलो तो एका नुकसानीमुळे. मागील उन्हाळ्यात नगर तालुक्यातील एका घराण्याने आपल्या दफ्तरातील मोडी कागदांची छायाचित्रे घेण्याची परवानगी दिली. दिवसभरात दोन रुमाल झाले. संध्याकाळी सारी छायाचित्रे बाह्य हार्ड डिस्कवर उतरवली आणि कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे केले. पडद्यावरील पट्टी शेवटपर्यंत भरली होती. काम झाले असे समजून मी वायर ओढली, आणि लॅपटॉप जागच्या जागी थिजला.

३. घरी येऊन पाहतो तो दुसऱ्या रुमालाच्या फाइली केवळ नावापुरत्या उरलेल्या. आत मजकूर नाही. मूळ कागद सुरक्षित होते, पण ते दफ्तर पुन्हा उघडायला दिवाळी उजाडली. संगणकशास्त्र शिकलेल्या मित्राने सांगितले की, हे दोन निरनिराळे अपघात आहेत. फाइली गेल्या, कारण ऑपरेटिंग सिस्टिम लिहायचा मजकूर आधी मेमरीत ठेवते आणि डिस्कवर सवडीने उतरवते. पट्टी भरली ती मेमरीपुरती. डिस्क ‘सुरक्षितपणे काढा’ असा पर्याय असतो तो याचसाठी.

४. पण मग लॅपटॉप का थिजला? डिस्क गेली तर डिस्कचे काम थांबावे. सगळा संगणक का थांबावा? या दुसऱ्या अपघाताचा इतिहास म्हणजे हा थ्रेड. त्यातील मुख्य पात्र आहे ‘डिव्हाइस ड्रायव्हर’, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात राहून एखाद्या उपकरणाशी त्याच्या भाषेत बोलणारा प्रोग्राम. या गाभ्याला कर्नेल म्हणतात. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नेलमध्ये बसलेला ड्रायव्हर चुकला तर सगळे घर कोसळू शकते.

५. ड्रायव्हरची अडचण समजण्यासाठी आधी आपल्याच जिल्ह्यातील रुळावर जाऊ. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये खुला झाला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात त्याच्या मातीकामावर दुष्काळग्रस्तांनी घाम गाळला. बेलवंडी, सारोळा, नगर, विळद, वांबोरी, राहुरी, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव असा हा मार्ग जिल्हा उभा चिरत जातो. तो बांधला गेला एकेरी, म्हणजे एकाच रुळावर दोन्ही दिशांच्या गाड्या.

६. एकेरी मार्गाचा मूळ प्रश्न असा: दोन स्थानकांमधला रूळ मोकळा आहे, हे खात्रीने कसे कळावे? प्रारंभीचे उत्तर होते तार. पलीकडच्या स्थानकाला विचारायचे, उत्तर आले की गाडी सोडायची. पण उत्तर आल्यापासून गाडी सुटेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात परिस्थिती बदलू शकते. ही फट किती घातक असते, हे १० सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमधील नॉर्विचजवळ थॉर्प येथे दिसले.

७. त्या रात्री पलीकडच्या स्थानकावरील टपालगाडीला इकडे सोडण्याचा निरोप नॉर्विच स्थानकावर लिहिला गेला होता. त्यावर निरीक्षकाची सही नव्हती; म्हणजे तो पाठवण्यासाठी पक्का झाला नव्हता. तारयंत्रावरील कारकुनाने तो तसाच पाठवला. निरोप गेलाच नाही अशा समजुतीने निरीक्षकाने लंडनहून आलेली एक्सप्रेस त्याच रुळावर सोडली. चूक ध्यानात येताच निरोप रद्द करण्याची तार गेली; उत्तर आले की टपालगाडी निघून गेली आहे. दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या.

८. या अपघातात कोणीही रूळ न तपासता गाडी सोडली नव्हती. गाड्या सोडणाऱ्या दोघांनाही रूळ मोकळा आहे असेच वाटत होते. दोष पद्धतीचा होता. तपासणे एका क्षणी, कृती दुसऱ्या क्षणी, आणि त्या दोहोंच्या मध्ये दुसऱ्या कोणाची कृती. आजचे संगणकतज्ज्ञ याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात, म्हणजे दोन कृतींची शर्यत, जिचा निकाल आधी कोण पोहोचला यावर ठरतो.

९. उपाय निघाला तो माणसांना अधिक सावध राहण्यास सांगून नव्हे, तर पद्धत बदलून. एडवर्ड टायर या अभियंत्याने १८७८ मध्ये, म्हणजे आपला मार्ग खुला झाला त्याच वर्षी, टॅबलेट यंत्र पुढे आणले. दोन स्थानकांवर विद्युत तारेने जोडलेली दोन यंत्रे. त्यांपैकी एकातून एक टॅबलेट बाहेर आला की, तो यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा निघत नाही. तो हातात असल्याशिवाय गाडीचालकाने रुळावर जायचे नाही.

१०. भारतात एकेरी मार्गांवर याच कुळातील नील्स बॉल टोकन यंत्र दीर्घकाळ वापरात राहिले. धावत्या गाडीतून हात बाहेर काढून टोकनाचे कडे झेलणारा चालक जुन्या पिढीने पाहिलेला आहे. टोकन म्हणजे रुळाविषयीची केवळ माहिती नव्हे. तो रूळ धरून ठेवल्याची खूण आहे. ‘मोकळा आहे का?’ असे विचारणे आणि ‘आता माझ्या हाती आहे’ असे म्हणणे, या दोहोंतला फरक रेल्वेने अपघातांची किंमत मोजून शिकून घेतला.

११. रेल्वेची आणखी एक रीत येथे सांगितली पाहिजे. सिग्नल किंवा सांध्याचे यंत्र दुरुस्तीसाठी सोडवायचे असेल, तर सिग्नल विभागाचा कर्मचारी स्थानकप्रमुखाला ‘डिस्कनेक्शन मेमो’ देतो. स्थानकप्रमुख तो सही करून स्वीकारतो, आणि त्यानंतरच हात लावायचा. काम झाल्यावर चाचणी आणि ‘रिकनेक्शन मेमो’. मधल्या काळात ते यंत्र जाग्यावर दिसत असले तरी त्याच्या भरवशावर गाडी चालवायची नाही. यंत्र सुटले आहे, हे कारभार पाहणाऱ्याला आधी कळले पाहिजे, असा हा नियम आहे.

१२. आता संगणकाकडे येऊ. १९९० च्या आधीच्या बहुतेक संगणकांत उपकरण जोडायचे तर आधी यंत्र बंद करायचे, पेटी उघडायची, कार्ड बसवायचे. चालू असताना भाग निघून जाईल, ही कल्पनाच ड्रायव्हर लिहिणाऱ्यापुढे नव्हती. संगणक सुरू होताना जे आहे ते बंद होईपर्यंत राहील, हे त्या काळाचे न लिहिलेले गृहीतक होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल: ज्याची नोंद कोणी करत नाही, तेच बहुधा सर्वांनी धरून चाललेले असते.

१३. जानेवारी १९९६ मध्ये युएसबीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले आणि हे गृहीतक ढासळले. चालू यंत्राला हवे ते जोडा, हवे तेव्हा काढा. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर असताना सहकारी ख्रिस कपोसेला यांनी विंडोज ९८ असलेल्या संगणकाला स्कॅनर जोडला आणि पडदा निळा झाला. सभागृह हसले. जोडणेच जर इतके अवघड, तर तोडण्याचे काय?

१४. जोडताना निदान सुरुवात कोऱ्या पाटीवर होते. तोडताना मात्र कामे अर्धवट असतात. एक प्रोग्राम डिस्क वाचतो आहे, दुसरा उत्तराची वाट पाहत झोपलेला आहे, तिसऱ्याने नुकतीच विनंती पाठवली आहे. या प्रत्येकाकडे ड्रायव्हरने मेमरीत केलेल्या उपकरणाच्या नोंदीचा पत्ता आहे. वायर सुटली म्हणून ड्रायव्हरने ती नोंद लगेच पुसली, तर तिघांच्या हाती रिकाम्या घराचा पत्ता उरतो. त्या घरात तोवर दुसरेच कोणी राहायला आलेले असते.

१५. पुसलेल्या मेमरीचा असा वापर हा कर्नेलमधील सर्वांत कुप्रसिद्ध दोषांपैकी एक. कधी संगणक थिजतो, कधी दुसऱ्याच फाइलीत भलता मजकूर जातो. कोणी हेतुपूर्वक केले, तर सुरक्षेची भिंत फोडता येते. २०१७ मध्ये आंद्रेई कोनोवालोव्ह यांनी सिझकॉलर या साधनाने खोटी युएसबी उपकरणे लिनक्सपुढे उभी केली, आणि त्यातून ड्रायव्हरांतील दोषांची मोठी यादीच बाहेर आली. म्हणजे प्रश्न केवळ माझ्या रुमालाचा नव्हता.

१६. यावर पहिला सुचणारा उपाय असा: नोंदीत एक खूण ठेवा, ‘उपकरण गेले’. प्रत्येक कामाआधी ती पाहा. गेले असेल तर परत फिरा. अनेक ड्रायव्हरांनी हेच केले. पण ही तर थॉर्पची तार झाली! खूण पाहिली तेव्हा उपकरण होते. पुढची ओळ चालेपर्यंत वायर निघाली. संगणकात ही फट सेकंदाच्या कोट्यंशाइतकी असेल, पण जगात कोट्यवधी संगणक दिवसभर चालू असतात. क्वचित घडणारे तेथे रोज घडते.

१७. खरा उपाय दोन विचारांवर उभा आहे. पहिला विचार जुना आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी युनिक्समध्ये अशी सोय होती की, एखादी फाइल कोणी उघडलेली असताना तिचे नाव खोडले, तरी मजकूर लगेच नष्ट होत नसे. शेवटचा वाचक ती बंद करी, तेव्हाच जागा मोकळी होई. नाव जाणे आणि वस्तू नष्ट होणे या दोन घटना तेथे वेगळ्या ठेवल्या होत्या.

१८. हाच विचार पुढे उपकरणांच्या नोंदींना लागू झाला. लिनक्सच्या जानेवारी २००१ मधील २.४ आवृत्तीत चालू यंत्रात उपकरणे जोडण्या-काढण्याची व्यवस्था आली. डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत साऱ्या उपकरणांची एकसंध मांडणी झाली. २००४ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘के-रेफ’ हा छोटा मोजणीदार त्यात आणला. नोंद वापरणाऱ्याने आकडा एकाने वाढवायचा, सोडताना एकाने कमी करायचा. आकडा शून्य झाला, तरच नोंद पुसायची.

१९. दफ्तराच्या भाषेत सांगायचे तर, इनामाची जमीन हातची गेली म्हणून इनामाचा कागद लगेच जाळायचा नसतो. कोणीतरी तो वाचत बसलेला असतो. उलट, कागद हाती आहे म्हणून जमीनही आहे, असेही मानायचे नसते. वस्तू आणि तिची नोंद यांचे आयुष्य वेगळे असते. अभिलेखागारात आपण हे पहिल्या वर्षी शिकतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना तेच वेगळ्या वाटेने शिकावे लागले.

२०. दुसरा विचार टोकनाचा. केवळ खूण पाहायची नाही. काम सुरू करताना ‘मी आत आहे’ असे नोंदवायचे, संपल्यावर ‘बाहेर पडलो’ असे. उपकरण निघाल्याचे कळले की कर्नेल दार लावतो, नव्यांना आत घेत नाही, आणि आत असलेले सर्व बाहेर पडेपर्यंत थांबतो. लिनक्सच्या ग्राफिक्स विभागात अशी ‘एंटर’ आणि ‘एक्झिट’ची जोडी आहे. विंडोज ड्रायव्हरांसाठी ‘रिमूव्ह लॉक’ हेच काम करतो.

२१. विंडोजचे एक पाऊल विशेष महत्त्वाचे. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० ने उपकरण जाण्याचे दोन प्रकार स्पष्ट वेगळे केले. एक, रीतसर निरोप: आधी विचारणा होते आणि काम चालू असेल तर ड्रायव्हर नकार देऊ शकतो. दुसरा, अनपेक्षित निर्गमन: येथे नकाराला अर्थच नाही, उपकरण गेलेलेच असते. पहिला प्रकार म्हणजे डिस्कनेक्शन मेमो. दुसऱ्यासाठी रेल्वेकडे उपमा मिळत नाही, कारण रूळ कोणी गाडीखालून ओढून नेत नाही.

२२. येथे टोकनाची मर्यादा दिसते. कर्नेलमधले कुलूप मेमरीतील नोंद वाचवते. ते माणसाचा हात धरू शकत नाही. मग काम मध्यावर असताना उपकरण गेले तर? पीसीआय प्रकारच्या जोडणीत गेलेल्या उपकरणाला काही विचारले, तर बहुधा उत्तर येते सर्व बिट १. ३२ बिटांचा तो आकडा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे मौन नव्हे, तर उत्तरासारखे दिसणारे काहीतरी.

२३. आता कल्पना करा: ड्रायव्हर ‘व्यस्त’ असे सांगणारा बिट ० होण्याची वाट पाहत फिरतो आहे. उपकरण गेले, तो बिट कायमचा १. ड्रायव्हर कायमचा फिरत राहतो आणि संगणक थिजतो. माझ्या लॅपटॉपचे नेमके असेच झाले का, हे सिद्ध करायला माझ्याकडे पुरावा नाही; पण थिजण्याची ही एक जुनी, ठरलेली वाट आहे. २०११ मध्ये थंडरबोल्ट आल्यावर ही पीसीआय जोडणी सामान्य माणसाच्याही हाती आली, आणि धोका घरोघरी पोहोचला.

२४. म्हणून आजची शिस्त अशी सांगितली जाते. एक, दार लावा: नवे काम घेऊ नका. दोन, अर्धवट विनंत्या रद्द करा आणि वाट पाहत झोपलेल्यांना जागे करून ‘उपकरण नाही’ असा निरोप द्या. लिनक्समध्ये या चुकीचा क्रमांक १९. तीन, आत असलेले बाहेर पडेपर्यंत थांबा. चार, नोंद शेवटच्या धारकाने सोडल्यावरच पुसा. आणि सदासर्वदा: प्रत्येक प्रतीक्षेला मुदत ठेवा, सर्व बिट १ आले तर उत्तरावर विश्वास ठेवू नका.

२५. क्रमही महत्त्वाचा. दार लावण्याआधी वाट पाहू लागलात, तर आत येणारे थांबतच नाहीत आणि वाट संपत नाही. झोपलेल्यांना जागे करण्याआधी वाट पाहिलीत, तर ते न येणाऱ्या उत्तरासाठी झोपून राहतात आणि तुम्ही त्यांच्यासाठी. दोघेही एकमेकांसाठी थांबलेले. चारही कामे केली, पण क्रम चुकला, तरी अपघात होतोच.

२६. कथा येथे सुखान्त व्हावी, पण इतिहास तसा वागत नाही. २००७ मध्ये लिनक्समध्ये तेजुन हिओ यांची एक सोय आली: ड्रायव्हरने घेतलेली मेमरी, ड्रायव्हर उपकरणापासून सुटताच आपोआप परत जाते. आवराआवर विसरण्याची चूक टळली आणि सोय सर्वत्र पसरली. पण उपकरण निघाले तेव्हा एखाद्या प्रोग्रामने त्याची फाइल उघडी ठेवली असेल, तर? नोंद पुसली गेली, धारक मात्र तसाच. जुना दोष नव्या सोयीच्या दाराने परत आला.

२७. २०२२ मध्ये डब्लिन येथील लिनक्स प्लंबर्स परिषदेत लॉराँ पँशार यांनी ही सोय कशी घातक ठरते, यावर सविस्तर मांडणी केली. सोय वाईट नव्हती. तिने नोंदीचे आयुष्य उपकरणाच्या आयुष्याला बांधले, वापरणाऱ्याच्या आयुष्याला नव्हे, चूक तेवढीच. रस्ट भाषेत लिहिल्या जाणाऱ्या नव्या ड्रायव्हरांत ‘रिव्होकेबल’ नावाची रचना आहे. तिच्यात उपकरणाकडे जाण्याचा हक्क प्रत्येक वेळी मागून घ्यावा लागतो, आणि उपकरण निघाले की तो काढून घेतला जातो.

२८. या साऱ्यातून इतिहासाच्या वाचकाने काय घ्यावे? शोध एकदाच लागत नाही. १८७४ ते १८७८ या काळात रेल्वेने जे शिकून घेतले, ते १९९८ नंतर संगणकाला पुन्हा शिकावे लागले, आणि २००७ मध्ये त्याच संगणकाने त्याचा काही भाग पुन्हा गमावला. प्रत्येक वेळी चूक करणारी माणसे हुशार होती. फक्त जे पाहिले ते अजून तसेच आहे, असे त्यांनी धरून चालले.

२९. आणि व्यवहारात? दफ्तराची छायाचित्रे घेणाऱ्या मित्रमैत्रिणींना दोन विनंत्या. डिस्क काढण्यापूर्वी ती रीतसर ‘काढा’ आणि होकार आल्यावरच वायरला हात लावा. चांगला ड्रायव्हर संगणक वाचवतो, न उतरलेला मजकूर तो वाचवू शकत नाही. दुसरे, डिस्कवरील फाइल उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करू नका. दिवाळीत ते दफ्तर पुन्हा उघडले तेव्हा घरातील आजोबांनी रुमाल सोडताना एवढेच विचारले, “या वेळी झाले की सांग, मगच बांधतो.”

३०. थ्रेड येथे पूर्ण होतो. दौंड–मनमाड मार्गावर काम केलेल्या कोणाच्या घरी टोकनाच्या, मेमोच्या, स्थानकाच्या जुन्या आठवणी असतील, तर जरूर लिहा. त्या जुळल्या तर पुढचा थ्रेड त्यांच्यावर करू.